अंगठा

सेतू केंद्रात दिवसभर मी लोकांचे अंगठे घेते.
पुसा. दाबा. थोडा डावीकडे.
हिरवा दिवा लागला की माणूस आहे,
लाल लागला की परत.

काल रांगेत बाबा होते,
बोरडोहहून पहिल्या एसटीने रामटेकला आलेले,
पिशवीत उकडलेले शिंगाडे, काळे, अजून कोमट.
लाल.
पदराने पुसून दिला मी. लाल.
मग दहाही बोटं, एकेक करून.
मागचा माणूस खाकरला.
बाबा हसले, म्हणाले,
'आंगठा पान्यातच राह्यला दिसते माह्या.'

राहिलाच असेल.
पाणी मालगुजाराचं, चिखल तुमचा,
असा सौदा पणजोबांशी झाला होता,
झोलबा दुधपचारे, धंदा ढिवर.
दोन मडकी पालथी बांबूला बांधून
त्यावर पोटावर निजून ते वेल उलटत जायचे
आणि निम्मे शिंगाडे ओसरीवर मोजून द्यायचे,
मोजणारा मालगुजाराचा.
ज्या साली एक मडकं मधोमध फुटलं
आणि पणजोबा तरीही काठावर आले
त्या साली आजोबा जन्मले.
नाव ठेवलं घडू.

बाईनं तलावात उतरू नये, असा गावाचा नेम.
घडू आजोबा हिवतापानं पडले त्या कार्तिकात
भागरथा आजी कासोटा घालून उतरली,
सात महिन्यांची पोटुशी,
आणि नेम पाळीवर उभा राहून बघत राहिला.
त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेत तिनं पाच पायल्या विकल्या.
एवढंच सांगायची.
थंडीचं कधी सांगितलं नाही.

मग मालगुजारी गेली.
तलाव सरकारचा झाला, असं कोणीतरी वाचून दाखवलं,
आजोबांनी विचारलं, 'आन् चिखल?'
त्याचं उत्तर अजून यायचं आहे.
दरसाल लिलाव. कधी सोसायटी, कधी कामठीचा ठेकेदार.
बाबांनी मडकी सोडली, ट्रकची ट्यूब घेतली,
पंक्चरचे ठिगळ मोजून मी शंभरापर्यंत शिकले.
भाऊ बुटीबोरीला कंपनीत आहे,
बारा तास कोरड्या फरशीवर.
टाचा फुटतात त्याच्या.
घरी कोणाच्याच फुटल्या नव्हत्या आजवर.

मागच्या वर्षी जातीच्या दाखल्यासाठी
जुना कागद हवा होता, पन्नासच्या आधीचा.
रेकॉर्ड रूममध्ये तीन दिवस धूळ खाल्ली.
सापडला तो ठेक्याचा करारनामा,
वाळवीनं मालगुजाराची सही खाल्लेली,
खाली जांभळ्या शाईत झोलबाचा अंगठा.
एकेक रेघ शाबूत.
मधे भोवरा, भोवती वलयं,
दगड टाकल्यावर पाणी करतं तशी.
विशीत असतील तेव्हा.
मडकी नवी असतील.

त्यानंतर एवढा ठसठशीत अंगठा
आमच्या घरात कोणाचा उमटलाच नाही.
काट्यांनी खरवडला, पाण्यानं धुतला,
आजोबांचा मतदानाच्या दिवशी नुसता निळा डाग,
बाबांचा हा, काचेवर दव पडावं तसा.

बाबांना म्हटलं, डोळ्यांचं मशीन नागपूरला आहे,
सोमवारी जाऊ.
'सोमवारी वेल वलटाची हाय,' म्हणाले,
पिशवी टेबलावर ठेवली, निघून गेले.
रेशन या महिन्याचं बुडालं.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मी शिंगाडे सोलले.
हात विसरला होता कुठून धरायचं ते.
उकडलेला काटाही टोचतो,
बरोबर अंगठ्याच्या पेरात गेला.
दोन वाजता मशीन उघडायला
आधी माझाच अंगठा द्यावा लागतो.
रक्ताचा एक थेंब पुसला, ठेवला.
रांग वाढत होती.
मशीन बराच वेळ शोधत राहिलं.